मायक्रोमसचं अंडं

मी कोल्हापुरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. भिंगाखाली धरता येत नाही अशा गोष्टीवर मत द्यायचं नाही, हा माझा जुना नियम. घरात कुणी भुताखेताचं काढलं की मी उठून भांडी घासायला जायची. तरी हे लिहिते आहे, कारण हे बघणारी मी एकटी नव्हते... दूध संस्थेच्या हॉलमध्ये चाळीस-एक माणसं होती, आणि सकाळचे साडेआठ वाजले होते.

उसावर लोकरी मावा पडला ती वर्षं आमच्याकडच्या लोकांना आठवत असतील. पानाखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. लोक घाबरून औषधं फवारत सुटले. पण हा मावा खाणारा एक किडा आहे, मायक्रोमस. फवारलं की मावा थोडा मरतो आणि मायक्रोमस सगळा मरतो. कागलकडच्या एका गावात मी दोन महिने खपून, कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मायक्रोमसच्या अळ्या सोडल्या होत्या. त्या तगल्याही होत्या. आणि गावानं ठरवलं, गुरुवारी सगळ्यांनी मिळून फवारायचं. औषध येऊन पडलं होतं.

माझ्याकडे उपाय एकच होता. मी त्या किड्यांची फिल्म करत होते, ती पुरी करून बुधवारी गावाला दाखवायची.

फिल्म करायला माझ्याबरोबर होता सदा, लग्नांचं शूटिंग करणारा. त्याचा छोटा व्हिडिओ कॅमेरा आम्ही नळाच्या पाइपचा तुकडा आणि सायकलच्या ट्यूबचं रबर लावून मायक्रोस्कोपला जोडला होता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की चित्र थरथरायचं, मग थांबायचं. पहिल्या दिवशी सदानं डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, "म्याडम, ह्यात नवरा कोण, नवरी कोण तेवढं सांगा. म्हंजे कॅमेरा कुणावर ठेवायचा ते कळंल."

"जो खातोय त्याच्यावर."

"मग नवरीच."

पण माणूस कामाला पक्का. अळी माव्याला जबड्यात धरून शोषते, मावा रिकाम्या पिशवीसारखा चपटा होतो... हे त्यानं इतकं स्वच्छ पकडलं की मी स्वतः तीनदा बघितलं. कोल्हापुरात तेव्हा असं कुणी केलं नव्हतं, निदान माझ्या माहितीत. एडिटिंग त्याच्या दुकानात, दोन व्हीसीआर आणि एक व्हिडिओ मिक्सर घेऊन. पहिल्या खेपेला मावा गुलाबाच्या पाकळ्यांतून वर आला, मागे सनई. मी सगळं काढायला लावलं. एका ठिकाणी लग्नाच्या कॅसेटमधले दोन बदाम फिरत जातात, ते तेवढे राहिले.

मिळाला नाही तो एकच शॉट. अंडं फुटून अळी बाहेर येताना. चार वेळा प्रयत्न केला. मायक्रोस्कोपच्या दिव्याची आच इतकी की तीन अंडी सुकून गेली, आणि चौथं फुटलं ते सदा कॅसेट बदलत असताना. शेवटी अंड्याची एकच फ्रेम मिक्सरवर गोठवून वीस सेकंद लांबवली. एका टोकाला अळीच्या डोळ्यांचे दोन ठिपके दिसत होते. त्यानंतर ते बदाम.

बुधवारी सकाळी दूध घालून झाल्यावर लोक किटल्या घेऊनच बसले. संस्थेचे चेअरमन आबा पहिल्या रांगेत.

"टीव्हीवर काय बी दावत्यात, म्याडम. टीव्हीवर मानूस बी उडतोय."

"आबा, ह्यातला प्रत्येक किडा तुमच्याच शिवारातून उचललेला आहे," मी म्हटलं. "आणि जे मला मिळालं नाही, ते मिळालं नाही म्हणून सांगणार."

फिल्म लागली. अळी मावा खायला लागली तशी कुजबूज थांबली. अंड्याचं चित्र आलं तेव्हा मी टीव्हीच्या कडेला लोकांकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, "हे चित्र हलत नाही. अंडं फुटताना मला पकडता आलं नाही. आत अळी आहे, हे माझ्या शब्दावर धरा."

मागच्या रांगेतून हौसाक्का म्हणाली, "म्याडम, फुटलं की वो."

हौसाक्काचा अर्धा एकर ऊस, मी अळ्या सोडल्या तो पहिला तुकडा तिचाच. मला वाटलं चेष्टा करते. पण सगळ्यांच्या नजरा मला सोडून टीव्हीकडे होत्या, आणि कुणी हसत नव्हतं. मी वळले. पडद्यावर पांढरं रिकामं टरफल होतं, आणि अळी त्याच्यावर पाय रोवून बसली होती. मग बदाम आले.

व्हीसीआरजवळ सदा उकिडवा बसला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्याडम, ती फ्रेम मी गोठवल्याली हाय. एकच फ्रेम हाय ती."

"पुन्यांदा दावा," आबा म्हणाले.

सदानं कॅसेट मागं घेतली. वीस सेकंद अंडं तसंच... दगडासारखं. परत घेतली. तसंच. कुणीतरी म्हणालं, "मगाचं दावा की, ह्ये न्हवं."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. त्या अळ्या वाचवायच्या तर गप्पच बसायला हवं होतं. पण मी स्पष्ट सांगितलं, "मगाशी दिसलं ते माझ्या कॅसेटमध्ये नाही. कुठून आलं मला माहीत नाही. तुम्ही ठरवताना ते धरू नका."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"फसवनारा मानूस नसल्यालं हाय म्हंतो," ते म्हणाले. "ही बाई असल्यालं न्हाय म्हंत्या." आणि मागे वळून म्हणाले, "औषद परत धाडा."

त्या गावात फवारणी झाली नाही. काही आठवड्यांनी उसाची पानं वरपासून खालपर्यंत हिरवी होती. मी मोजून बघितलं, नोंदी आहेत. अभिमान म्हणाल तर तो आहे, आणि लपवायचं कारण दिसत नाही.

त्या बुधवारी निघताना मी हौसाक्काला विचारलं होतं, माझी पाठ असताना काय दिसलं. शिकवायची सवय, वहीत शब्दच्या शब्द उतरवून घेतलं. "आदी डोस्कं भाईर काडलं. मग दमल्यागत गप बसलं. मग परत आत गेलं की वो... मला वाटलं, भ्यालं. आन् मग एकदम समदंच भाईर." डोकं काढून परत आत जाणं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. नंतर खोडायचं म्हणून वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी कॉलेजात कॉम्प्युटरला जोडायचा कॅमेरा आला, आच न देणारा दिवा आला. अंडं फुटताना मी पकडलं. अळीनं डोकं बाहेर काढलं. थांबली. परत आत गेली. मग सगळी बाहेर. पुढे आणखी सहा अंडी फुटताना पकडली, त्यांतल्या एकाही अळीनं असं केलं नाही.

सीडी घेऊन मी हौसाक्काकडे गेले. काही न सांगता लावली. तिनं अर्धंच बघितलं आणि चहा ठेवायला उठली.

"बगितल्यालं हाय की म्या," ती म्हणाली. "ह्येच दावलं हुतंसा."

"असंच, की हेच?"

"ह्येच. डाव्या अंगाला लोकरीचा धागा हाय बगा, वाकडा."

धागा होता. कॅसेटमधल्या अंड्याला नाही, सीडीवरच्या अंड्याला. जे अंडं त्या बुधवारी अजून घातलंही गेलं नव्हतं.

सदाला विचारलं तर तो म्हणतो, मशीनचं काय सांगता येत नाही. मशीनचं मला सांगता येतं, आणि हे मशीनचं नाही. मग कशाचं, ते मात्र माझ्याकडे नाही. कॅसेट अजून कपाटात आहे. बारा मिनिटांची फिल्म, त्यातलं सगळं मी आणि सदानं आमच्या हातानं पकडलेलं. त्या गावात कुणालाही विचारा, त्यांना आठवतो तो एकच शॉट, आणि तो आमचा नाही.