मोटर चालेल तेवढी पाण्याची पाळी

माझ्या बायकोच्या मामांइतका उतावळा माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. सापडलाच, तर तो मामांना चुकवायला पळत असेल. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तासगावजवळच्या गावी परतले, तरी पाय थाऱ्यावर नाहीत. चहा उभ्याने पितात, जेवता जेवता उठून द्राक्षबागेत चक्कर मारून येतात, आणि एसटी सुटायला अवकाश असला तर पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन तिथे तिची वाट बघतात. झोपेत तरी स्वस्थ असतात का, असं मी एकदा मामींना विचारलं. "आवं, झोपंत तर लय पळत्यात," त्या म्हणाल्या.

अशा माणसाला एक कल्पना सुचली, हे आम्हा सगळ्यांचं प्रारब्ध. मामांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, आण्णांची, विहीर सामाईक. एक दिवस पाण्याची पाळी याची, एक दिवस त्याची. मध्येच वीज जायची, पाळी बुडायची, आणि ती कुणी भरून द्यायची यावरून जुंपायची. त्यातच दोघांचं बोलणं बंद झालं. मामांनी तोड काढली: पाळी घड्याळावर धरायचीच नाही, मोटर चालेल तेवढीच धरायची. वीज गेली की पाळी थांबली, आली की पुढे चालू. मी सांगलीत संगणकाचं काम करतो, म्हणून हा हिशेब ठेवणारं मोबाइल अ‍ॅप मामांनी माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालून माझ्याकडून करून घेतलं. मग त्याला पेटंट हवं झालं. "आण्णा माजं ऐकत न्हाई, पाव्हणं. सरकारचा शिक्का बगितला की ऐकंल," एवढंच त्यांचं म्हणणं. अर्ज होईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवा, असं मी बजावलं होतं. मामांनी ती आपल्या परीने गुप्त ठेवली. ज्याला सांगितली, त्याला आधी औंधच्या यमाईची शपथ घातली. अशी निम्मी एसटी शपथेत अडकली.

पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी शांतपणे समजावलं, "नुसती कल्पना, हिशेबाची रीत किंवा नुसता संगणकाचा प्रोग्राम, यांना आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. यंत्रातच काही तांत्रिक सुधारणा असेल, तर बघता येईल." मामा तेवढ्यावरच उठले. दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर खोलून, स्कूटरवर पायांत ठेवून, थेट बाईंच्या टेबलावर आणून आदळला.

"हे दुसऱ्याच कंपनीनं बनवलंय, सुभेदारसाहेब. यात तुमचं काय?"

"अक्कल," मामा म्हणाले.

"तिचंच तर पेटंट मिळत नाही हो," बाई हळहळल्या.

मामांचा चेहरा असा उतरला की मला भडभडून आलं. स्टार्टर परत जोडायला मीही गावी गेलो. विहिरीवर थोरले भाऊ उभे. पाळी त्यांची, आणि घाईत मामांना त्याचं भानच राहिलं नव्हतं. आता शिव्यांची लाखोली, असं धरून मी चार पावलं मागेच राहिलो. त्यांनी स्टार्टर मामांच्या हातून घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला.

"एसटीत एक जन सांगत हुता," ते म्हणाले. "मोटर चालंल तेवढीच पाळी धरायची म्हनं. भांडानच न्हाई. आपन बी तसंच करूया का रं?"

मामांनी तोंड उघडलं. माझीच कल्पना, असं ते आता ठणकावून सांगणार, याची मला खात्री होती.

"करूया की आण्णा," ते म्हणाले. "लय चांगली रीत हाय."

आता थोरले भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला विहिरीवर बोलावून ही रीत समजावतात, आपल्यालाच सुचल्यासारखी. ऐकताना माझा जीव तुटतो. मामा मात्र त्यांच्या शेजारी उभे राहून मान डोलावत असतात.