कलम तीन: गप्प म्हणजे हो

आता कोणत्या तोंडानं सांगू, पण सांगते. माझी झोप उडाली होती ती एकाच गोष्टीनं. चार वर्षांची आमची ओवी घरात रेडिओ, पण बाहेरच्या माणसासमोर एक अक्षर काढायची नाही. शाळेत कसं व्हायचं हिचं?

त्यात आमच्या वडीगोद्रीच्या गल्लीतलं महिला मंडळ. ग्रुपवर काहीही विचारा, अर्ध्या बाया उत्तरच देत नाहीत. मी बी.एड. झालेली, म्हणून नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात. मी ऐटीत कलम तीन लिहिलं: 'जी बोलणार नाही, तिची संमती धरावी.' त्या 'धरावी'वर तर मी दोन दिवस खूश होते.

गणपतीत मुलांची भाषणं ठरली. मंडळाच्या अध्यक्ष शकुंतलाकाकू घरी आल्या.

"ओवी, भाषण करती का गं?"

ओवी माझ्यामागे लपली. ओढणी ओढून काहीतरी पुटपुटत होती. मी तिला मागं सारलं; पाहुण्यांसमोर बरं दिसतं का ते?

"न्हाई म्हणली का? न्हाई. मंग कलम तीन," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, ते कलम बायांसाठी आहे."

"मंग ही काय बाप्या हाय?"

यावरचं उत्तर बी.एड.ला शिकवत नाहीत. मी म्हणाले, "बरं." माझं 'बरं' म्हणजे 'बघू'. काकूंनी ते 'हो' म्हणून नेलं, आणि चहाला उकळी येईस्तोवर ग्रुपवर ओवीचं नाव पहिलं.

खरं सांगू? मलाही आतून वाटलं, या निमित्तानं पोरगी बोलेल तरी.

कार्यक्रमाला ओवी माइकसमोर उभी राहिली. सगळी गल्ली गप्प, ओवी त्याहून गप्प. आता ही रडणार, मग जन्मात बोलणार नाही, मग हिचं लग्न कसं जमणार, इथपर्यंत मी जाऊन आले.

शेवटी काकूच वाकून म्हणाल्या, "बाई, करायचं नव्हतं तर तव्हाच न्हाई म्हणायचं ना. गप का बसलीस?"

आणि ओवी बोलली. चारचौघांत पहिल्यांदाच, माइकवर, खणखणीत.

"मी न्हाई न्हाईच म्हणत होते. आई म्हणली, काकू बोलून राह्यल्या, गप बस."