डोंगराला सांगायचं नाव

डोंगर दिसला तशी लोरेननं गाडीची काच खाली केली. साठी उलटल्यावर ती पहिल्यांदाच आईच्या मुलखात परत येत होती, आणि आई तर गेल्याच उन्हाळ्यात गेलेली. लोरेन बोबडं बोलत होती तेव्हा गोऱ्यांच्या सरकारी गाडीनं आदिवासींची पोरं गोळा केली, त्यात तिलाही इथून उचलून मिशनच्या आश्रमात नेलं. मिशनच्या बायकांनी लोरेन हे नाव ठेवलं. सगळं तिच्या भल्यासाठीच! या देशात दुसऱ्याच्या पोरांचं भलं करणाऱ्यांना कधी तोटा नव्हता.

पायथ्याशी गाडीतून उतरल्या उतरल्या आयव्हीमावशीनं नाक मुरडलं.

"काय गं, अत्तराची बाटली उपडी केलीस का अंगावर? डोंगराला वाटेल, पर्यटकच आले."

मावशीनं आपल्या काखेतला घाम तळव्यावर घेतला आणि लोरेनच्या कपाळाला, दंडांना खसाखसा चोळला. नवख्यानं इथं पाऊल टाकायचं तर अंगाला घरच्या माणसाचा वास हवा.

"हं, सांग आता त्याला, कोण आलंय ते."

मिशनमधल्या एका म्हाताऱ्या नर्सनं लोरेनला कधीतरी आईचं नाव सांगितलं होतं. ते तिनं जन्मभर जपलं होतं. आता ते घ्यायला तिनं तोंड उघडलं, तोच मावशीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"गप! मेलेल्याचं नाव घेऊ नये. दुखवटा सरला नाही अजून. तिचा जीव अडकेल ना इथं!"

"मग कोणाची म्हणून सांगू?" लोरेनला रडूच कोसळलं. "मला तुमची भाषा येत नाही, गाणी येत नाहीत. एवढं एक नाव होतं माझ्याकडं, मावशी."

मावशी काठीनं तांबडी माती उकरत राहिली.

"तुझंच सांग की. तुझी आई इथं उभी राहून तुला हाका मारायची. आम्ही म्हणायचो, बाई, पुरे कर, घसा बसला तुझा. ऐकेल तर शपथ! डोंगराला पाठ झालंय तुझं नाव."

"लोरेन?"

"हट्! मिंतिली."

हे नाव ऐकून आत काहीतरी हलेल, म्हणून लोरेन थांबली. काहीच हललं नाही. दुसऱ्याच कुणा बाईचं नाव वाटलं ते, आणि त्याचं तिला आईच्या मरणाहून जास्त दुःख झालं.

"मिंतिली आलीय," ती डोंगराकडं बघून पुटपुटली.

"असं नाही गं," मावशी हळूच म्हणाली, "असं नाही म्हणत तुझं नाव."

आणि साठीच्या त्या बाईला मावशीनं तिचं नाव शिकवायला घेतलं.