भालेरावमामांची भिंत

कुणाचीही तक्रार ऐकताना भालेरावमामा तिचं चित्र काढत. दुष्काळात आमच्या सहकारी दूध संस्थेनं वडवणीजवळ चारा छावणी उघडली. मामा संस्थेचे सचिव होते आणि हजेरी घ्यायला मी होतो. त्यांनी गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं अख्खी छावणी मांडली. एका वर्तुळात जनावर, मग त्याच्या कानातला बिल्ला, मग हजेरी, शेवटी चारा. मधे बाण, आणि प्रत्येक बाणावर अट. बिल्ला असेल तर हजेरी, हजेरी असेल तर चारा.

"बाणावर माणसाचं नाव लिहायचं न्हाई," ते म्हणत. "नाव आलं की वशिला आला."

सरपंचाचा भाऊ हजेरीआधीच चारा मागायला आला, तेव्हा मामांनी त्याला भिंतीसमोर उभं करून विचारलं, तुमचा बाण कोणता? तो ओशाळं हसून रांगेत गेला. आमच्या बौद्धवाड्याला ती भिंत म्हणूनच आवडायची. छावणीत रांग एकच होती.

मग सखुबाईंची गाय मेली. त्यांच्याकडं तेवढीच होती. आजारी म्हणून डॉक्टरांनी ती वेगळ्या पत्र्याखाली बांधायला लावली होती. तिथं हजेरी होत नव्हती, त्यामुळं चाराही निघत नव्हता. चार दिवस सखुबाई येऊन सांगत होत्या, मामा भिंतीकडं बोट दाखवत होते. बाई लिंबाचा पाला घालत राहिल्या.

मी तावातावानं पत्रक लिहून नेलं. त्यात चारा चोरल्याबद्दल गोदामवाल्याचं नाव होतं. मामांनी ते पूर्ण वाचलं.

"यात चोर न्हाई रं."

त्यांनी गेरू घेतला. आजारी जनावराचं वर्तुळ भिंतीवर नव्हतंच. ते काढलं, तिथून थेट चाऱ्याकडं बाण ओढला.

सखुबाई दारात होत्या. म्हणाल्या, "आता काढून काय करता, दादा?"

त्या बाणावर मामांनी स्वतःचं नाव लिहिलं.

पुढं त्यांनी सचिवपद सोडलं. पण दर उन्हाळ्यात येऊन ते त्या नावावर गेरू फिरवायचे. बाकीची भिंत पुसट होत गेली.

गेल्या वर्षी ते वारले. मला रडू आलं नाही. यंदा गेरू मी नेला. त्यांच्या नावावरून फिरवला आणि खाली माझं लिहिलं. हजेरीच्या वहीत सखुबाईंच्या गाईच्या त्या चार दिवसांपुढं 'गैरहजर' मीच लिहिलं होतं.