ताशा कुणाच्या गळ्यात

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मराठी पोरांचं एक ढोल-ताशा पथक आहे. पोरांचं म्हणायची सवय म्हणून म्हणायचं, एवढंच. आता तिथं दोन मुलींमागं एक मुलगा सापडला तरी नशीब. पण मुलींचं पथक असं कुणी म्हणत नाही. शेतात बायका राबतात आणि शेत मात्र अमक्या पाटलाचं असतं, तसंच हे.

माझा मुलगा इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. दर उन्हाळ्यात तीन महिने मी नातीला सांभाळायला येते. सून पुण्याला कॉलेजात असताना ताशा वाजवायची, म्हणून नात जरा मोठी झाल्यावर ती ह्या पथकात जायला लागली. शनिवारी तिच्याबरोबर मीही नातीला घेऊन जायचे. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

सराव गावाबाहेर, फर्निचरच्या एका बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत होतो. गावात ढोल वाजवला की शेजारी पोलिसांना फोन करतात. तिथंसुद्धा दुपारभर जुन्या टायरांवर टिपरू मारत बसायचं, आणि शेवटी थोडा वेळ खरा ढोल.

पहिल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा ढोल सगळे मुलांच्या कमरेला होते. मुली नऊवारी नेसून झेंडा नाचवायच्या, लेझीम खेळायच्या, आणि मुलांचे फेटे बांधून द्यायच्या. पुढच्या वर्षी निम्मी मुलं गेली. कुणाला नोकरी लागली, कुणाची पाठ धरली, कुणाला मैत्रीण मिळाली आणि तिला आवाज सोसत नव्हता. रिकामे ढोल मुलींनी बांधले. कुणी समारंभ केला नाही, कुणी परवानगी दिली नाही. ढोल पडून होते, त्यांनी उचलले. यंदा आले तर दोऱ्या ओढून ढोल ताणायला मुली, गाडीतून उतरवायला मुली, वाजवायलाही मुली. उरलेली मुलं काय करतात म्हणाल, तर ती पदाधिकारी आहेत.

पथकाचा प्रमुख म्हणून जो आहे तो सहा वर्षं पीएचडी करतोय. माणूस गोड बोलतो. प्रत्येक वाक्याला आल्झो लावतो, म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', आणि दुसऱ्यानं काही म्हटलं की गेनाऊ म्हणतो, म्हणजे 'अगदी बरोबर'. ढोल त्याला फार वेळ झेपत नाही. तो पुढं उभा राहून हातवारे करतो. त्याच्याबरोबर एक चित्रीकरणवाला असतो, तो मोबाईलवर सगळ्यांचे व्हिडिओ काढतो. सगळ्यांचे म्हणजे प्रमुखाचे, आणि मागं जे कुणी येईल त्यांचे.

ताशा मात्र शेवटपर्यंत मुलाकडंच राहिला होता. ढोल कितीही असले तरी ते ताशाच्या मागून चालतात. ताशानं चाल बदलली की ढोलांनी बदलायची. म्हणजे ढोल वाजवू दिला तरी ताशा द्यायचा म्हटलं की पुरुषांच्या पोटात दुखतं. ह्यांचा ताशेवाला मे महिन्यात म्युनिकला नोकरीला गेला. जुलैत इथं गावाचा मोठा उत्सव, रस्त्यातून सगळ्यांच्या मिरवणुका. पथकालाही बोलावणं होतं. ताशा वाजवू शकेल असं माणूस पथकात एकच होतं, माझी सून.

मुलींना त्यात काही विचारण्यासारखं वाटलंच नाही. सुनेनं सराव सुरू केला. सकाळी लॅबला जायच्या आधी ती उशीवर काड्या मारायची. रात्री मनगटाला तेल लावायची. मी म्हटलं, "एवढं काय त्या मिरवणुकीचं?" तर म्हणाली, "आई, लग्नानंतर मी एक गोष्ट अशी केली नाही जी कुणाच्या उपयोगाची नाही. ही एक करू द्या." मी करू देणारी कोण. पण तिचं तोंड बघून कळलं की ही मिरवणूक तिला पीएचडीपेक्षा जवळची आहे.

मग एका दुपारी प्रमुख आणि चित्रीकरणवाला घरी आले. मुलगा कामावर, सून लॅबमध्ये. त्यांना ते माहीत होतं, मला नंतर उमजलं. मी परक्या माणसांसमोर फार बोलत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि ही सगळी शिकलेली मुलं, त्यामुळं आणखीच तोंड उघडत नाही. मी पोहे केले, चहा ठेवला.

"काकू, पोहे काय झालेत," प्रमुख म्हणाला. "इथं असं घरचं मिळत नाही हो."

चित्रीकरणवाला म्हणाला, "ह्याला मिळत नाही, कारण हा करत नाही."

दोघं हसले. मग प्रमुखानं बशी खाली ठेवली. "आल्झो, काकू, तुम्ही घरातल्या मोठ्या. तुमच्याशी बोलावं म्हणून आलो. वहिनी ताशा वाजवणार म्हणतायत. चांगलंच आहे. आमच्यात भेदभाव अजिबात नाही. पण घरात लहान मुलगी, तुम्ही दमून जाता. आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या पुढं, गळ्यात ताशा अडकवून… तुम्हाला जुन्या माणसांना ते कसं वाटत असेल, आम्ही समजू शकतो."

मला काय वाटत असेल ते ह्याला माझ्याआधी समजलं होतं. मी खाली बघत उभी.

"तुमच्या मनाविरुद्ध आम्हाला काही करायचं नाही," तो म्हणाला. "घरच्यांचा मान पहिला. हो ना?"

मी म्हणाले, "आणखी पोहे घ्या."

त्यानं घेतले. दोघांनी घेतले. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "कळलं, काकू. तुम्हाला बोलून दाखवायची गरज नाही."

पुढच्या शनिवारी नातीला ताप होता म्हणून मी घरी राहिले. सून परत आली ती चप्पल काढून सरळ आत गेली. जेवायला बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू त्यांना सांगितलंस हिला ताशा नको म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

"तो सगळ्यांसमोर बोलला. सासूबाईंना पसंत नाही, आपल्याला कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही, म्हणून ताशा दुसऱ्याकडं देतोय."

दुसरा म्हणजे कोण, तर चित्रीकरणवाला. त्याला ताशाच्या दोन चाली येतात, आणि त्याही व्हिडिओत बघून.

"तसं म्हणाली नाहीस, तर मग काय म्हणालीस?" मुलानं विचारलं.

"पोहे घ्या म्हणाले."

सून खाली बघून जेवत होती. मुलानं ताटात भात वाढून घेतला. मग आमच्या घरातल्या पुरुषांची पिढीजात वाणी त्याच्या तोंडून आली. "जाऊ दे ना. एका कार्यक्रमाचा प्रश्न आहे. उगाच वातावरण खराब नको." त्याचा बाप असंच म्हणायचा. ह्यांचं वातावरण नेहमी बाईनं सोडून दिलेल्या गोष्टीवरच चांगलं राहतं.

मी सुनेला म्हटलं, "मी खरंच नको म्हणाले नव्हते गं."

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "आणि तुम्हाला माणसांत बोलायला जमत नाही, तेही माहीत आहे. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

ती भांडली असती तर मी बाजूला झाले असते. तिनं मला माफ करून टाकलं आणि मी तिथंच अडकले. आणि खरं सांगायचं तर राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्या दोघांना स्वतःच्या तोंडानं नको म्हणायची छाती नव्हती. मुली उलटल्या असत्या. मग हाताशी काय, तर एक अडाणी सासू. सासू म्हटली की सुनेला अडवणारच, हे त्यांनी गृहीत धरलं. युनिव्हर्सिटीत शिकून ह्यांना बायकांबद्दल एवढंच कळलेलं, की एक बाई दुसरीच्या आड उभी करायची आणि आपण मागं सावलीत उभं राहायचं.

मिरवणुकीच्या आधीच्या शनिवारी वाद्यपूजन होतं. ढोल-ताशे ओळीनं मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. मी नातीचा हात धरून सुनेच्या मागं गेले. प्रमुख पुढं आला. "अरे, काकू आल्या. काकूंच्या हातून पूजा करू या. मोठ्या माणसाचा हात लागला पाहिजे."

चित्रीकरणवाल्यानं मोबाईल उघडला. त्याच्या गळ्यात ताशा होता, तो त्यानं काढून माझ्यापुढं ठेवला. मी ढोलांना कुंकू लावत आले. एका ढोलाचं कुंकू पार दोरीवर गेलं. सगळे गोल उभे. मी ताशाला कुंकू लावलं आणि तिथंच थांबले.

मी प्रमुखाला म्हटलं, "तुम्ही मला विचारलंत. मी पोहे घ्या म्हणाले. त्यात नको कुठं होतं?"

आवाज एवढा बारीक निघाला की मागच्या मुलीनं विचारलं, काय म्हणाल्या? म्हणून मला ते परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं आलं.

प्रमुख हसला. "काकू, नाही, म्हणजे आमचा तसा समज झाला. तुमच्या चेहऱ्यावरून…"

"माझा चेहरा असाच आहे," मी म्हटलं.

मुली हसल्या. एक म्हणाली, "चार वर्षं झाली, तुम्ही आमच्याही चेहऱ्यावरूनच ठरवता सगळं."

"गैरसमज झाला, सोडून द्या," प्रमुख म्हणाला.

"सोडून कशाला द्यायचं," मी म्हटलं. "हिनं ताशा वाजवावा असं मला वाटतं. आता पुन्हा कुणी माझ्या नावावर काही सांगू नका."

एवढंच बोलले. मग मी टायरावर जाऊन बसले. सुनेनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती पुढं गेली, ताशा उचलला, पट्टा आपल्या मापाचा करून गळ्यात घातला. चित्रीकरणवाल्याचा मोबाईल कधी बंद झाला कळलं नाही. हा व्हिडिओ काही त्यानं कुणाला पाठवला नाही.

मिरवणूक झाली. आमच्या पुढं गावातल्या जर्मन लोकांचा बँड होता. सून म्हणाली, ह्यांच्यातही पूर्वी नुसते पुरुष असायचे, बायकांना घेत नसत. आता बासरीला बायका, ढोलाला बायका, पितळी वाद्यांवरही बायका. सगळ्यांच्या पुढं मात्र चांदीच्या मुठीची काठी वरखाली करत चालणारा एक पोट सुटलेला म्हातारा. म्हटलं, चला, म्हणजे काठी इथंही त्यांच्याकडंच. सुनेनं चांगलं वाजवलं. एका वळणावर तिची चाल चुकली, ढोल क्षणभर सैरभैर झाले, मग तिनंच सावरलं. पुलाजवळ लोक दाटीवाटीनं उभे होते आणि ती त्यांच्यामधून, घामानं केस कपाळाला चिकटलेले, कुणाकडं न बघता पुढं गेली. प्रमुख बाजूनं हातवारे करत चालला होता. त्याच्याकडं कोण बघत होतं देव जाणे.

त्यानंतर आठवड्याभरात पथकातली उरलेली मुलंही पातळ झाली. कुणाचा प्रोफेसर कडक निघाला, कुणाच्या गुडघ्यानं दगा दिला. चित्रीकरणवाला म्हणाला म्हणे, "आता ते बायकांचंच झालंय, आपलं काय काम." जिथं बायका आल्या तिथून उठायचं आणि उठताना त्या जागेचा मान धोतरासारखा झटकून बरोबर न्यायचा, ही ह्यांची जुनी रीत. प्रमुखानं बैठक घेतली. नव्या पिढीला संधी द्यावी असं त्याला अचानक वाटायला लागलं होतं. प्रमुखपद सुनेनं घ्यावं, असं त्यानंच सुचवलं. जे पद त्याला सहा वर्षं सुटलं नाही, त्याची किंमत गेली असं वाटल्याबरोबर ते वाटायला काढलं.

मी सुनेला म्हटलं, "घेऊ नकोस. उष्टं आहे."

ती म्हणाली, "उष्टं असू दे. घेते."

तिनं पहिलं काम काढलं ते दुसरा ताशा उभा करायचं. एकावर अवलंबून राहायला नको, म्हणाली. शनिवारी ज्याला यायचं त्यानं यावं, टायरावर वाजवून दाखवावं. चार मुली आल्या, आणि एक मुलगा. नुकताच शिकायला आलेला, हडकुळा, जर्मन शब्द एक येत नाही. मुली पथकातल्या जुन्या, माझ्या ओळखीच्या, हाताला घट्टे पडलेल्या. मला वाटलं, ह्यांच्यातलीच कुणीतरी.

कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून सुनेनं ऐकणाऱ्या सगळ्यांना पाठमोरं बसवलं आणि एकेकाला वाजवायला लावलं. मग त्या मुलाला बोलावून ताशा दिला.

घरी येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "एवढं करून पुन्हा मुलालाच?"

"त्याची चाल चांगली होती, आई."

"मुलींना काय वाटेल?"

"त्यांनीही ऐकली ना."

मला राग आला. अजून थोडा आहे. पण मीही तिथं बसले होते, आणि चाल खरंच चांगली होती.