छातीतली बिघडलेली शाळा

डॉक्टरबाईंनी एका रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले, वर गाठ मारली आणि तो माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. म्हणाल्या, "दोन मिनिटं हलायचं नाही."

मी म्हटलं, "अहो बाई, मी न्यूरॉलॉजिस्टकडे आलेय की रसवंतीत?" त्या हसल्या नाहीत. आमचे हे शेजारच्या खुर्चीत बसलेले, तेही नाहीत. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या छोट्याशा दवाखान्यात माझाच विनोद माझ्याच अंगावर आला.

मग त्यांनी बर्फ काढला. आठ-दहा दिवस अर्धी मिटलेली पापणी टक्क उघडली होती. हे खुर्चीतून उठून उभेच राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "मला हीच शंका होती. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. रक्त तपासू, छातीचा सीटी स्कॅन करू, पण तोच असणार."

नाव ऐकून मला आधी वाटलं, फुलझाडाचं आहे. त्यांनी सोपं करून सांगितलं. नस स्नायूला निरोप देते, स्नायू हलतो. तुमचंच शरीर असे काही पदार्थ बनवतंय, की ते स्नायूच्या दारात बसून तो निरोप आत जाऊ देत नाहीत. सकाळी थोडाफार जातो, दिवसभर वापरून संध्याकाळी तोही जात नाही. थंडीने काही वेळ सुधारतं, म्हणून पापणी उघडली.

"आणि हे फक्त पापणीपुरतं राहील असं नाही," त्या म्हणाल्या. "गिळणं आणि श्वास, या दोन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं."

मी मंगल. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, हाताखाली दोघी बायका आहेत. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि तोंड दिवसभर चालू असतं, हे मी अभिमानाने सांगते. अशा या मला तीन-चार महिने काय होत होतं ते आता कळलं. सकाळी पोळ्या भराभर लाटायचे आणि संध्याकाळी लाटणं जड व्हायचं. गॅसची एक शेगडी दोन दिसायची. चष्मा बदलला, तरी दोनच. जेवताना शेवटचे घास चावायला हनुवटीला हात लावून जबडा हलवायचे. एक डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. दुसरे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. अरे, टेन्शनने कधी शेगड्या दोन होतात का!

त्यात कल्याणला नणंदेच्या नातवाचं बारसं झालं. संध्याकाळची वेळ. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "वहिनी, काल तोंड पाडून का बसलेलात? आमचं काही चुकलं का?" देवाशप्पथ, मी हसत होते हो! आतून पुरेपूर हसत होते, चेहऱ्यावर काही येतच नव्हतं. तिला ते पटलं नाही, आणि मलाही समजावता आलं नाही.

सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडामागे गाठ निघाली. तिथे थायमस नावाची ग्रंथी असते. मुलगी केतकी आणि हे दोघं रिपोर्टच उलटसुलट बघत राहिले, म्हणून प्रश्न मीच विचारले. डॉक्टरबाईंचं कौतुक असं, की त्यांनी घड्याळाकडे न बघता समजावलं.

रोगाशी लढणाऱ्या पेशींपैकी काहींना टी सेल म्हणतात. टी म्हणजे थायमस. त्या पेशी जन्मतात हाडाच्या मगजात, पण तयार होतात थायमसमध्ये. डॉक्टर म्हणाल्या, "शाळाच समजा. आपलं कोण, परकं कोण, हे तिथे शिकवतात. जी पेशी आपल्याच शरीरावर धावून जाते, तिला बहुतेक वेळा तिथेच संपवतात. शिकणाऱ्यांपैकी फारच थोड्या बाहेर पडतात. त्यातल्या काहींचं काम लढायचं नसतं, लढणाऱ्यांना आवरायचं असतं. त्यांना रेग्युलेटरी टी सेल म्हणतात. तुमच्या शाळेत गाठ आल्याने शिस्त गेली. नापास व्हायला हव्या होत्या त्या पास होऊन बाहेर आल्या, आवरणाऱ्या कमी पडल्या. आता त्या सुटलेल्या पेशी दुसऱ्या पेशींना चिथावतात, आणि त्या दुसऱ्या हे निरोप अडवणारे पदार्थ बनवतात."

"मग शाळाच काढून टाकली, तर बाकीच्या चांगल्या पेशींचं काय? मी काय बिनलढायची राहू?"

"चांगला प्रश्न आहे. थायमस वयात येईपर्यंत जोरात चालतो, मग सुकत जातो. तुमच्या वयाला शाळा जवळपास बंदच असते. आधी शिकून गेलेल्या पेशी वर्षानुवर्षं जगतात, गरजेपुरत्या स्वतःच वाढतात, जास्त झाल्या तर कमी होतात. संख्या त्या राखतात. त्यामुळे गाठीसकट काढायला हरकत नाही."

ऑपरेशन ठरलं. तोवर निरोप पोचवायला मदत करणारी गोळी आणि पेशींना दाबणारं स्टेरॉइड सुरू झालं. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, "कुठलंही औषध, अगदी खोकल्याचंसुद्धा, मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही."

शेजारच्या वहिनी गुळवेलीचा काढा घेऊन आल्या, इम्युनिटी वाढते म्हणून. मी हात जोडले. म्हटलं, "वहिनी, माझी वाढलेलीच आहे, तीच मला खातेय." त्या काढ्यापासून वाचले, पण घरातल्या माणसापासून नाही वाचले.

झालं असं, की घसा धरला. थोडा ताप आला. ह्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नेहमीची अँटिबायोटिक आणली. आमच्या घरात दर हिवाळ्यात सगळेच ती घेतात. आम्हा दोघांना ते "औषध" वाटलंच नाही. काही अँटिबायोटिक या आजारात स्नायूंचं उरलंसुरलं बळही काढून घेतात, हे आम्हाला नंतर कळलं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, ओळखीच्या गोळीवर विश्वास ठेवू नका. आधी फोन करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायले ते नाकातून बाहेर आलं. मान सावरेना, केतकीने मागून दोन्ही हातांनी धरली. आडवं झालं की जीव घुसमटे. श्वास आत जात होता, पण अर्ध्यावर थांबत होता. हे गाडी काढायला धावले.

डोंबिवलीहून ठाण्याला यायला शिळफाट्याचा रस्ता. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. कंटेनरमागे कंटेनर उभे. केतकी फोनवर डॉक्टरांशी बोलत होती, आणि मध्ये मध्ये ओरडत होती, "आई, हात दाब! आई, दाब ना गं!" मी दाबत होते. तिला कळत नव्हतं, कारण माझं दाबणं आता दाबण्यासारखं राहिलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाटलं, की मी या रस्त्यावर मरणार. राग आला. घरात कणीक भिजवून ठेवलेली होती.

आयसीयूत घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. म्हणजे श्वास मशीन घेणार. प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू झाला. रक्त बाहेर काढून त्यातला तो निरोप अडवणारा पदार्थ असलेलं पाणी वेगळं करतात, बदली दुसरं घालून रक्त परत देतात. एकदाच नाही, एक दिवसाआड करून अनेकदा.

आता जे सांगते ते पेशंटच्या नातेवाइकांनी नीट ऐका. माझे डोळे मिटलेले होते कारण पापण्या उचलत नव्हत्या. बेशुद्ध मी नव्हते. औषधाची गुंगी उतरली की मला सगळं ऐकू यायचं. राउंडला आलेले एक डॉक्टर म्हणाले, "नळी लांबली तर गळ्याला भोक पाडावं लागेल." मी ऐकलं. मला किंचाळायचं होतं. साधी भुवईसुद्धा हलली नाही.

आणि ह्यांचं ऐकलं. हा माणूस लग्नापासून मोजून मापून बोलणारा. घरात बोलायचं खातं माझ्याकडे. भेटायच्या वेळेत ते माझा हात धरून बसायचे. त्या दिवशी म्हणाले, "मंगल, मीच आणली गं ती गोळी. डॉक्टर बोललेल्या, तरी माझ्या डोक्यातच आलं नाही. तू उठली नाहीस तर मी केतकीला तोंड कसं दाखवू?"

मी त्यांचं बोट दाबलं. जीव एकवटून दाबलं. मला म्हणायचं होतं, गप्प बसा, मी पण डोळे उघडे ठेवूनच गिळली ती. त्यांना वाटलं, मला दुखतंय. "सिस्टर, सिस्टर!" करत धावत सुटले. सिस्टर आली आणि तिने मला इंजेक्शन दिलं. मला झोप लागली, आणि बोलणं तसंच राहिलं.

मग रोज एकच परीक्षा. मशीनचा जोर कमी करायचे आणि मी स्वतः किती ओढते ते बघायचे. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा थोडं जमलं, मग छाती हरली. डॉक्टरबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "मंगलताई, घाई नाही. अडवणारे पदार्थ धुतले जातायत. निरोप पोचायला लागेल." त्यांना ठाऊक होतं की मला ऐकू येतंय. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

नळी निघाली तेव्हा आवाज नाकातून, चिरका येत होता. हे आले. मी म्हटलं, "अहो, गोळी आणलेली तुम्ही, विष नव्हे. आणि शिळफाटा पण तुम्हीच पार केलात." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही रडले, आणि रडताना श्वास पुरतोय की नाही म्हणून घाबरून थांबले.

अंगात ताकद आल्यावर ऑपरेशन झालं. छातीचं हाड उघडून गाठीसकट थायमस काढला. पुन्हा नळी, पुन्हा तीच भीती, ती या वेळी निघाली नाही तर? जाग आली तेव्हा नळी निघालेली होती, आणि मी श्वास घेत होते. गाठ पूर्ण निघाली, पसरलेली नव्हती.

आता वर्ष होत आलं. मी खडखडीत बरी झाले असं खोटं सांगणार नाही. बाहेर सुटलेल्या जुन्या पेशी अजून फिरतातच, त्यांना दाबायला गोळ्या चालू आहेत. पेशी दबलेल्या असतात म्हणून सर्दीवाल्या माणसापासून लांब राहते. चेहरा फुगलाय, साखर वाढली. केंद्र सकाळपुरतंच उघडते, लाटायला दोघी आहेत, मी हुकूम सोडते. पूर्वी प्रतिकारशक्ती म्हटलं की वाटायचं, जितकी जास्त तितकी चांगली. आता कळलंय की शरीरात लढणाऱ्याइतकंच आवरणाऱ्यालाही काम असतं, आणि घरातही.

परवा तपासणीसाठी नौपाड्याला गेलो. बाकावर टिटवाळ्याहून आलेली एक मुलगी बसलेली, पंचविशीची, एक पापणी मिटलेली. नुकतंच निदान झालेलं. तिची आई पदराने डोळे पुसत होती. मुलीने विचारलं, "काकू, ह्यातून माणूस उठतो का?"

मी सांगायला लागले. बर्फाचं सांगितलं, गोळ्या वेळेवर घ्यायचं सांगितलं, न विचारता काही गिळायचं नाही हे दोनदा सांगितलं. मशीनचंही सांगितलं, कारण लपवून काय उपयोग? बोलता बोलता आवाज चढला असणार.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काकू, जरा हळू. आत पेशंट आहेत."

मी तोंड मिटलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "बोलू द्या हो तिला."