पखवाजाने खाल्लेली कणीक

मंडळी, साठी उलटल्यावर मी मोबाईलवर बघून पखवाज शिकतोय. आंब्याच्या पेट्या भरून झाल्या की जेवणाआधी जरा वेळ मिळतो, तेवढाच.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. आज मळत बसलो असतो तर वाजवायचा वेळच संपला असता. म्हणून परातीतला आयता गोळा उचलला.

"ओ, चपातेची कणीक खंय गेली?" बायको दारात हजर!

माझे हात थांबले. म्हटलं, संपलं आपलं शिक्षण.

"थांबलात कित्याक? वाजवा! आज भात खावा. फाल्यापासून एक गोळो जास्ती मळतंय. पण बेताल वाजवलात तर उपाशी ठेवतलंय!"

भात जेवून पुन्हा बसलो. तुम्हाला शिकायला घरातलं कोण वेळ काढून देतं?